बाम्बर्ग आणि आजूबाजूचा फ्रँकोनिया: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी या भागात राहतो, त्यामुळे दर उन्हाळ्यात आणि ख्रिसमसच्या आधी ओळखीतल्यांचे, ओळखीतल्यांच्या ओळखीतल्यांचे तेच तेच मेसेज येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. लिंक पाठवली की काम झालं.

बाम्बर्ग नक्की आहे तरी कुठे? नाव कधी ऐकलं नाही.

बव्हेरिया राज्यात, पण म्युनिकवाला बव्हेरिया डोक्यात आणू नका. हा उत्तरेकडचा भाग, फ्रँकोनिया, आणि इथल्या माणसाला "तुम्ही बव्हेरियन ना" असं म्हटलं तर तो हसून सोडून देईल पण मनात ठेवेल. न्यूरेंबर्गपासून साधारण 60 किलोमीटर उत्तरेला. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास, त्यात युनिव्हर्सिटीची दहा-बारा हजार पोरं, म्हणून गाव जुनं असूनही म्हातारं वाटत नाही. रेग्नित्झ नावाची नदी गावात दोन फाटे करून वाहते आणि गावाच्या जरा खाली माइन नदीला मिळते. सगळं जुनं गाव 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

दुसऱ्या महायुद्धात न्यूरेंबर्ग आणि व्युर्त्सबुर्ग जवळजवळ भुईसपाट झाली, तिथे आज जे "जुनं" दिसतं त्यातलं बरंचसं नंतर परत बांधलेलं आहे. बाम्बर्गलाही बॉम्ब पडले, पूल उडवले गेले, पण जुनं गाव मोठ्या प्रमाणावर वाचलं. त्यामुळे इथे भिंत जुनी दिसली तर ती बहुतेक वेळा खरंच जुनी असते.

कसं पोचायचं?

मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला थेट विमान, पुढे ट्रेन. म्युनिकहून फास्ट ट्रेनने दोन तासांच्या आत-बाहेर, फ्रँकफर्टहून व्युर्त्सबुर्गला बदलून अडीच-तीन तास धरा. बर्लिन-म्युनिक हायस्पीड लाईन बाम्बर्गवरूनच जाते, पण सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत हे तिकीट काढताना बघा. न्यूरेंबर्गहून साध्या रिजनल गाडीने पाऊण तास.

तिकिटांचं थोडक्यात सांगतो. बायर्न तिकीट म्हणून एक डे-पास असतो, पाच जणांपर्यंत एकत्र निघतो, जितकी माणसं जास्त तितका माणशी स्वस्त, आणि त्यात राज्यभरच्या रिजनल गाड्या आणि बऱ्याच गावांच्या लोकल बस येतात. वीकडेला सकाळी 9 नंतरच चालतो, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. फास्ट आयसीई गाड्यांत चालत नाही, आणि चढलात तर टीसी "आम्ही टुरिस्ट आहोत" हे ऐकून घेत नाही. महिनाभर जर्मनीत फिरणार असाल तर डॉइचलांड तिकीट बघा, पण ते सबस्क्रिप्शन असतं, वेळेत कॅन्सल करावं लागतं नाहीतर भारतात परत आल्यावरही कार्डावरून पैसे जात राहतात.

आणि हो, जर्मन गाड्या वेळेवर असतात हा समज घरी ठेवून या. रुळांची कामं सतत चालू असतात, मधेच गाडी रद्द होऊन बस लावतात. कनेक्शनमधे निदान अर्धा तास ठेवा, विमान पकडायचं असेल तर दोन तास.

व्हिसा?

नेहमीचा शेंगेन. प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आधी अर्ज करता येतो, कमीत कमी 30,000 युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. मे-जूनच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, तेव्हा सुट्ट्या ठरल्या की लगेच लागा. बाकी कागदपत्रांची यादी अधिकृत साईटवरच बघा, व्हॉट्सॅपवर फिरणारी नको.

दोन तास पुरतात का? आमच्या टूरमधे "फोटो स्टॉप" आहे.

नाही पुरत. म्हणजे टाऊन हॉलचा फोटो काढायला पाच मिनिटंही पुरतात, पण मग यायचंच कशाला? इथे रिव्हर क्रूझच्या बोटी लागतात, साधारण अकरा ते चार या वेळात छत्र्या आणि नंबरचे बोर्ड घेतलेले गाईड आणि त्यांच्यामागे चाळीस-चाळीस माणसं अशी पुलावर दाटी होते, आणि चार-पाचला सगळे बोटीवर जेवायला परत जातात. त्यानंतर गाव गावकऱ्यांचं होतं. उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे तुमच्याकडे अख्खी संध्याकाळ उरते, आणि बाम्बर्गची मजा त्या संध्याकाळीतच आहे. दोन रात्री राहा असं मी सगळ्यांना सांगतो, तीन असतील तर आसपासची गावंही होतील. दिवसा गर्दीच्या वेळी बाहेर फिरायला जा आणि चारला परत या, हे उलटं गणित इथे चालतं.

बघायचं काय काय? फार चर्चेस नको, मुलं कंटाळतात.

चर्च एकच बघा पण नीट बघा: डोम, म्हणजे इथलं कॅथेड्रल. सम्राट हाइनरिश दुसरा याने पहिलं बांधलं, 1012 मधे त्याची प्रतिष्ठापना झाली, ते दोनदा जळलं, आता आहे ते 1237 चं. चार मनोरे. आत जायला तिकीट नाही. प्रार्थना चालू असताना मात्र फिरायला देत नाहीत.

आत शिरल्यावर सगळे "बाम्बर्गचा घोडेस्वार" शोधतात. तेराव्या शतकातला दगडी पुतळा, घोड्यावर तरुण राजा, आणि तो नेमका कोण हे आजही कुणाला खात्रीने माहीत नाही. हंगेरीचा राजा स्टीफन असावा असं बरेच जण म्हणतात. पण मुलांना दाखवायची खरी गोष्ट म्हणजे हाइनरिश आणि त्याची राणी कुनिगुंडे यांची कबर. टिलमान रीमेनश्नायडर या शिल्पकाराने ती 1499 ते 1513 अशी चौदा वर्षं घडवली. चारही बाजूंनी गोष्टी कोरल्यात: राणीवर संशय घेतला गेला म्हणून ती तापलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालतेय (आपल्याकडच्या कुणाला अग्निपरीक्षा आठवल्याशिवाय राहत नाही), दुसरीकडे ती मजुरांना पैसे वाटतेय आणि जास्त उचलणाऱ्याचा हात भाजतो, आणि एका बाजूला चक्क सम्राटाच्या मुतखड्यावर उपचार चाललेत. संत बेनेडिक्ट येऊन खडा काढून देतो. हे सांगितलं की मुलं कबरीभोवती गोल गोल फिरून गोष्टी शोधतात, माझा अनुभव आहे.

त्याच कॅथेड्रलमधे पोप क्लेमेंट दुसरा याची कबर आहे. हा आधी इथला बिशप होता, पोप झाला आणि वर्षभरातच, 1047 मधे, वारला. जर्मनीत टिकून असलेली पोपची कबर ही एवढीच.

डोमच्या समोर नवा राजवाडा, त्याच्या मागे गुलाबांची बाग. बागेत जायला पैसे नाहीत, जूनमधे हजारो गुलाब, आणि कठड्यावरून अख्ख्या गावाची लाल कौलं दिसतात. आजी-आजोबांना इथे बसवा आणि बाकीचे फिरून या.

मिखाएल्सबर्गच्या टेकडीवरच्या जुन्या मठातल्या चर्चच्या छतावर 578 वनस्पती रंगवल्यात, एक प्रकारचं वनस्पतिशास्त्राचं पुस्तकच छतावर. पण ते चर्च अनेक वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, तेव्हा उघडलंय का ते टुरिस्ट ऑफिसमधे विचारूनच चढा. वरून दिसणारा गावाचा देखावा मात्र कायम चालूच.

तो नदीच्या मधोमध असलेला टाऊन हॉल: खरंच नदीत बांधलाय?

खरंच. गोष्ट अशी सांगतात की बिशपने नागरिकांना टाऊन हॉलसाठी वीतभरही जमीन द्यायला नकार दिला, मग लोकांनी नदीत लाकडी खांब ठोकले, कृत्रिम बेट केलं आणि त्यावर टाऊन हॉल उभा केला. गोष्ट खरी असो नसो, भांडण खरं होतं: नदीच्या एका बाजूला टेकडीवर बिशपची सत्ता, दुसऱ्या बाजूला व्यापारी-नागरिकांची वस्ती, आणि इमारत बरोब्बर सीमेवर. आजची सजावट अठराव्या शतकातली. भिंतींवर रंगवलेली चित्रं आहेत, त्यात एका गुबगुबीत देवदूताचा पाय चित्रातून बाहेर आलाय, म्हणजे रंगवलेला नाही, खरा घडवलेला पाय भिंतीतून लोंबतोय. मुलांना तो शोधायला लावा.

फोटोसाठी गायर्सव्योर्थ वाड्याच्या बाजूचा छोटा लाकडी पादचारी पूल सगळ्यात चांगला, सकाळी आठच्या आत गेलात तर तुम्ही आणि बदकं एवढेच असता. खाली पाण्याला ओढ आहे, तिथे कयाकवाल्यांचा सराव चालतो, तेही बघण्यासारखं.

थोडं पुढे गेलं की नदीकाठी जुन्या कोळ्यांची घरं लागतात, त्याला छोटं व्हेनिस म्हणतात. नाव जरा जास्तच मोठं दिलंय असं माझं मत, पण समोरच्या काठावरच्या बाकावरून संध्याकाळी बघा, छान वाटतं.

ते स्मोक्ड बिअर प्रकरण काय आहे?

राउखबियर. पूर्वी बार्लीला मोड आणून ते वाळवायला लाकडाचा जाळच वापरत, त्यामुळे धुराचा वास बिअरला यायचाच, सगळीकडे. पुढे धूर न लागता माल्ट वाळवायच्या भट्ट्या आल्या आणि बाकी जगाने धूर सोडून दिला. बाम्बर्गमधे दोन ब्रुअरींनी मात्र सोडला नाही, श्लेंकर्ला आणि श्पेट्सियाल. बीच झाडाच्या लाकडावर माल्ट आजही तिथेच वाळवतात. श्लेंकर्ला डोमच्या खालच्या गल्लीत आहे, काळी, तुळयांची जुनी खोली, बिअर गडद आणि धूर एकदम पुढे. श्पेट्सियाल स्टेशनच्या बाजूला, 1536 पासूनची, तिचा धूर सौम्य. पहिल्यांदा पिणाऱ्याने श्पेट्सियालपासून सुरू करावं असं मला वाटतं, पण लोक उलटं करतात आणि मग तोंड वाकडं करतात. पहिला घोट घेतल्यावर चुलीत भाजलेल्या वांग्याच्या भरताचा वास आठवतो, कुणाला स्मोक्ड मांस आठवतं. इथले लोक म्हणतात की तिसऱ्या ग्लासाला कळते. तिसऱ्या ग्लासाला काहीही कळतं म्हणा.

ज्यांना धूर नको त्यांच्यासाठी गावात साध्या बिअरच्या बाकी ब्रुअरी आहेतच, आणि सगळा अप्पर फ्रँकोनिया धरला तर दीडशेहून जास्त. गावागावात एक, काही गावांत दोन. अर्धा लिटर मागायचा तर "आ साइडला" म्हणा, वाढणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर लगेच फरक पडतो.

आम्ही दारू पीत नाही. मग जायचं का तिथे?

जायचं, आणि केलरला तर जायचंच. केलर म्हणजे तळघर, टेकड्यांच्या पोटात खोदलेली बिअर थंड ठेवायची भुयारं, आणि त्यावर सावलीसाठी लावलेली झाडं, त्या झाडांखाली लाकडी बाकं. बसायचं वर, झाडांखाली. सगळं कुटुंब येतं, आज्या येतात, पोरं वाळूत खेळतात, कुत्री टेबलाखाली झोपलेली. तुम्ही सफरचंदाचा रस सोडा घालून घ्या, ॲपफेलशोर्ले म्हणतात, कुणी वळूनही बघत नाही. बऱ्याच केलरवर पेय तिथलं घ्यायचं आणि खाणं घरचं आणायचं अशी जुनी पद्धत अजून चालते. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांनी थेपले आणि लोणचं काढलं होतं आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा चव बघायला आले. पण सगळीकडे चालतंच असं नाही, तेव्हा आधी विचारा.

स्टेफान्सबर्गवरच्या श्पेट्सियालच्या केलरवरून डोमचे चारही मनोरे समोर दिसतात. चढ आहे, पण सूर्य मावळायच्या आधी तासभर जाऊन बसा. ओळखीच्या नसलेल्या लोकांच्या टेबलावर जागा असेल तर "इथे रिकामं आहे का" विचारून बसायचं असतं, त्यात काही संकोच नाही. पाऊस पडला की केलर बंद. सोबत रोख पैसे ठेवा.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही, पण फ्रँकोनियाचं पारंपरिक जेवण म्हणजे डुक्कर, अधिक डुक्कर आणि त्यावर डुकराचा रस्सा. मेनू वाचताना तीन-चार ठिकाणी फसगत होते, ती सांगतो. बटाट्याचा गोळा सॉससकट मिळतो, दिसायला निर्दोष, पण सॉस मांसाचा असतो. बटाट्याच्या सॅलडमधे बऱ्याचदा मांसाचा स्टॉक घालतात. भाजीच्या सूपमधे तर बेकनचे तुकडे तरंगतात आणि तरी नाव भाजीचं. बाम्बर्गचा प्रसिद्ध भरलेला कांदा म्हणजे भरली वांगी-कांद्याच्या धर्तीवरचं काही असेल म्हणून मागवू नका, आत खिमा भरलेला असतो. "ओने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय, पण वेटरच्या लेखी बेकन म्हणजे मांस असेलच असं नाही, म्हणून "वेगेटारिश" हाच शब्द वापरा. गोमांस टाळत असाल तर साउअरब्राटन आणि वाळवलेलं त्स्वेचगनबामेस यांच्याबद्दल विचारून घ्या.

खायचं काय तर चीजची श्पेत्सले (मऊ, जाडसर नूडल्स), गेरुप्फटर नावाचं कांदा-पाप्रिका घातलेलं मऊ चीज आणि ब्रेड, प्रेत्सेल, एप्रिल ते जूनच्या शेवटापर्यंत पांढरं अस्परॅगस, उन्हाळ्यात पिवळे रानटी मशरूम. शिवाय गावात तुर्की, इटालियन, भारतीय सगळं आहे. दही सुपरमार्केटमधे उत्तम मिळतं, भात रूमवर लावता आला तर प्रश्न मिटला, म्हणून चार-पाच जण असाल तर हॉटेलपेक्षा स्वयंपाकघरवालं फ्लॅट बघा.

मांसाहारी मंडळींनी शॉयफर्ला खा, डुकराच्या खांद्याचा हाडासकट भाजलेला तुकडा, वर कुरकुरीत कातडं. रविवारी दुपारी खरी चव. सप्टेंबर ते एप्रिल असाल तर तळलेला कार्प मासा, पण काटे आपल्या नदीच्या माशासारखे, सवय असलेल्यांनाच जमतो.

कांद्याचा काय संबंध आहे या गावाशी?

बाम्बर्गवाल्यांना जुनं टोपणनाव "कांदे तुडवणारे". कांदा पोसताना पात तुडवून मोडायची म्हणजे रस खाली गड्ड्यात उतरतो, त्यावरून. स्टेशनकडच्या भागात आजही घरांच्या रांगांच्या मागे चक्क शेतं आहेत, शहराच्या मधोमध. पिढ्यान् पिढ्या भाजीपाला पिकवणारी माळी कुटुंबं तिथे राहत आली. ज्येष्ठमध हे इथलं एके काळचं मोठं पीक, आणि बाम्बेर्गर ह्योर्नला नावाचा लहान, वाकडा बटाटा इथला खास. युनेस्कोने टेकडीवरचं बिशपचं गाव, बेटावरचं नागरिकांचं गाव आणि हे माळ्यांचं गाव असं तिन्ही मिळून यादीत घेतलंय, आणि टुरिस्ट तिसऱ्यात फिरकतच नाहीत. तुम्ही जा. माळ्यांचं छोटं म्युझियमही आहे.

चेटकिणींच्या खटल्यांबद्दल ऐकलं, ते इथलंच का?

हो, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सुंदर गाव बघून परत जाताना हे माहीत असावं असं मला वाटतं. 1612 ते 1631 या काळात बाम्बर्गच्या बिशपच्या राज्यात चेटूक केल्याच्या आरोपावरून सुमारे एक हजार माणसं मारली गेली. बाया होत्या, पुरुष होते, लहान मुलंही होती. सगळ्यात भयानक काळ बिशप योहान गेओर्ग दुसरा फुक्स फोन डोर्नहाइम याचा. त्याने 1627 मधे आरोपींसाठी खास तुरुंग बांधून घेतला. पीक बुडालेलं, थंडी वाढलेली, तीस वर्षांचं युद्ध चालू, कुणावर तरी खापर फोडायला हवं होतं. आणि दोषी ठरलेल्याची मालमत्ता जप्त व्हायची, हेही विसरू नका. छळ करून कबुली घ्यायची, कबुलीत आणखी दहा नावं घ्यायला लावायची, मग ते दहा आत. त्यामुळे लोण गरिबांपासून थेट वरपर्यंत गेलं.

योहानेस युनियुस हा गावचा महापौर राहिलेला माणूस. 1628 च्या जुलैमधे त्याने तुरुंगातून मुलीला चोरून पत्र लिहिलं. छळात हातांची इतकी वाट लागलेली की अक्षर धड येत नव्हतं. मी निर्दोष आहे, निर्दोष असूनच मरणार आहे, आणि सुटका हवी असेल तर काहीतरी रचून सांग असं मलाच सांगतात, असा त्यातला मजकूर. पत्र टिकलं, म्हणून आज आपल्याला कळतं. तो तुरुंग आता नाही. गायर्सव्योर्थजवळ या बळींचं स्मारक 2015 मधे केलंय, टाऊन हॉलपासून दोन मिनिटांवर, आणि बहुतेक लोक फोटोच्या नादात बाजूने निघून जातात. थांबा तिथे जरा.

आसपास काय बघता येईल? गाडी भाड्याने घेणार नाही.

गाडीची गरज नाही, निदान यातल्या बहुतेक ठिकाणी.

बुटेनहाइम: न्यूरेंबर्गच्या दिशेने लोकलने पंधरा मिनिटं. तुम्ही-आम्ही घालतो त्या जीन्सचा माणूस लेव्ही स्ट्रॉस 1829 मधे या खेड्यात जन्मला, गरीब ज्यू फेरीवाल्याचा मुलगा, मूळ नाव ल्योब. वडील गेल्यावर 1847 मधे आई आणि बहिणींबरोबर अमेरिकेला गेला. 1873 मधे याकोब डेव्हिसबरोबर तांब्याच्या रिव्हेटवाल्या पँटचं पेटंट घेतलं. जन्मघर निळ्या खिडक्यांचं, आता म्युझियम, छोटं आणि छान. सुट्टीचा वार बघून जा. टीनएजर पोरांना कॅथेड्रलपेक्षा हेच आवडतं.

बाड श्टाफेलश्टाइन: उत्तरेला ट्रेनने वीसेक मिनिटं. इथे दोन कामं. एक म्हणजे फीरत्सेनहायलिगेन, चौदा संतांची बॅसिलिका. पंधराव्या शतकात इथल्या एका मेंढपाळ पोराला शेतात बालयेशूचं दर्शन झालं म्हणतात, तेव्हापासून यात्रा. आजची इमारत बाल्टासार नॉयमानने आखली, 1743 ते 1772 मधे बांधली. बाहेरून पिवळसर दगड, आत शिरलं की पांढरं-सोनेरी-गुलाबी आणि एकही भिंत सरळ नाही, सगळं वळतंय. मला बरोक फारसं आवडत नाही, पण इथे तोंड बंद झालं. बॅसिलिकाच्या मागेच ब्रुअरी आहे, यात्रेकरूंची सोय म्हणायची. चालायची तयारी असेल तर श्टाफेलबर्गच्या डोंगरावरून आडवं जाता येतं, 539 मीटर, वर सपाट पठार आणि चहू बाजूंना माइन नदीचं खोरं.

दुसरं म्हणजे याच गावात आडाम रीस जन्मला, 1492 च्या सुमारास. जर्मन माणूस हिशोब करून झाल्यावर आजही "आडाम रीसच्या मते" इतके झाले असं म्हणतो तो हा. त्याने सामान्य दुकानदारांना, कारागिरांना लॅटिन न वापरता जर्मनमधे हिशोब शिकवला आणि रोमन आकडे सोडून शून्यासकटचे भारतीय-अरबी आकडे रोजच्या व्यवहारात रुळवायला मोठा हातभार लावला. आपल्याकडून निघालेले आकडे अरबांकडून फिरत फिरत इथल्या भाजीवालीच्या पाटीवर कसे पोचले याचा एक धागा या गावात आहे.

कोबुर्ग: रिजनल गाडीने पाऊण तास. वर मोठा किल्ला, 1530 मधे मार्टिन ल्यूथर इथे जवळजवळ सहा महिने राहिला होता. आणि राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स आल्बर्ट 1819 मधे कोबुर्गजवळच्या रोझेनाउ वाड्यात जन्मला. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड म्युझियम, ज्याचं मूळ नाव व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट, त्यात आल्बर्टचा मोठा पुतळा आहे ना, तोच हा. कोबुर्गच्या चौकातही त्याचा पुतळा आहे, त्याच्या पायाशी सॉसेजची गाडी लागते, पाइनच्या सुक्या फळांच्या निखाऱ्यावर भाजतात. कोबुर्ग 1920 मधेच बव्हेरियात आलं, त्याआधी वेगळं राज्य होतं, म्हणून तिथे गेलं की बाम्बर्गपेक्षा वेगळी हवा जाणवते.

फ्रँकोनियन स्वित्झर्लंड: चुनखडीचे सुळके, गुहा, छोटे किल्ले, चेरीच्या बागा. पॉटेनश्टाइनची सैतानाची गुहा मुलांना आवडते, आत थंडी असते, जॅकेट न्या. ईस्टरच्या आसपास गावोगावच्या विहिरी आणि कारंजी हजारो रंगवलेल्या अंड्यांनी सजवतात, मुद्दाम बघण्यासारखं. इथे मात्र बस कमी आहेत, रविवारी तर फारच, म्हणून एक दिवस गाडी घ्यायची असेल तर या भागासाठी घ्या.

बायरॉइटला संगीतकार वाग्नरचं थिएटर आणि अठराव्या शतकातलं, आतून लाकडी ऑपेरा हाऊस आहे. ऑपेरा हाऊस आतून जरूर बघा. संगीतात रस नसेल तर बायरॉइट सोडलं तरी चालेल.

आणि ज्यांना शॉपिंगच करायचंय त्यांच्यासाठी: आदिदास आणि पुमा दोघांची मुख्यालयं हेर्त्सोगेनआउराख या एकाच छोट्या गावात आहेत, दोन सख्ख्या भावांच्या भांडणातून झालेल्या कंपन्या. आउटलेट मोठी आहेत. अख्खा दिवस जातो, नंतर मला दोष देऊ नका.

कधी यावं?

मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमधे ऊन पस्तीसपर्यंत जातं आणि जुन्या हॉटेलांत एसी नसतो. ऑगस्टच्या शेवटी सांडकेर्वा, जुन्या गावाची जत्रा, 1951 पासून चालू. गल्ल्यांत बिअर, नदीत बोटींवर उभं राहून एकमेकांना लांब काठीने पाडायचा कोळ्यांचा खेळ. गर्दी प्रचंड, रूम मिळत नाही. आवडत असेल तर सहा महिने आधी बुक करा, नसेल तर ते दिवस टाळाच.

डिसेंबरमधे लोक न्यूरेंबर्गच्या ख्रिसमस मार्केटला जातात आणि जावंच, पण बाम्बर्गला तेव्हा चर्च आणि म्युझियममधे येशूजन्माचे देखावे मांडतात, ते बघत गावभर फिरायचा मार्ग आखलेला असतो. आपल्याकडे गणपतीत एका मंडळातून दुसऱ्या मंडळात देखावे बघत हिंडतात त्यांना हे आवडेलच. काही देखावे जानेवारीतही राहतात. अंधार मात्र साडेचारला.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, झेपेल का?

गाव सात टेकड्यांवर आहे आणि रस्ते दगडी फरशांचे. बेटावरचा भाग सपाट, तो आरामात होतो. डोमला आणि वरच्या आल्टेनबुर्ग किल्ल्याला बस जाते, चढायचा हट्ट नको. चाकांच्या बॅगा त्या दगडांवर खडखड करत न्याव्या लागतात, तेव्हा हॉटेल अगदी जुन्या गावात घेताना दारापर्यंत टॅक्सी येते का विचारा. बूट जाड तळव्याचे. पब्लिक टॉयलेटला नाणी लागतात, पन्नास सेंट-एक युरो खिशात असू द्या.

रविवारी सगळं बंद असतं म्हणजे किती बंद?

दुकानं, सुपरमार्केट, मॉल, सगळं. रेस्टॉरंट, म्युझियम, केलर चालू. बेकरी सकाळी काही तास. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड-फळं आणून ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटलीवर पैसे घालवू नका, आणि घेतलीच तर रिकामी बाटली फेकू नका, प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात.

राउखबियर भारतात नेता येईल का?

येईल. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. कस्टमच्या ड्यूटी-फ्री मर्यादेत दारू दोन लिटरपर्यंत, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या, आणि त्यात विमानतळावर घेतलेली व्हिस्की पण मोजली जाते, तेव्हा काय न्यायचं ते घरच्यांशी आधीच ठरवून घ्या.